मुक्या जिवांचे देणे

सोलापूर शहराच्या वेशीबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, कुंभारी हे गाव आहे. या एका गावाच्या शिवारात अलीकडच्या काळात दोन मोठ्या वस्त्या उभ्या राहिल्या. एक अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाची आणि त्याच्या रुग्णालयाची. दुसरी विडी वळणाऱ्या स्त्रियांची. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या सहकारी संस्थेने विडी कामगार महिलांसाठी बांधलेली दहा हजार घरे २००६ साली पुरी झाली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प याच गावी हाती घेण्यात आला व त्यांपैकी पंधरा हजार घरांचे वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. म्हणजे एकीकडे रोगाचे शास्त्र शिकवले जाते आणि दुसरीकडे मांडीवर सूप घेऊन, टेंभुर्णीच्या पानात तंबाखू भरून, दिवसाला हजार विड्या वळण्याचा प्रयत्न होतो. वैद्यकीय संशोधनासाठी प्राण्यांचा वापर करावा की नाही, केला तर त्यातून माणसाच्या हाती खरोखर काय लागते, या प्रश्नाची चर्चा आम्ही या गावाकडे पाहून करणार आहोत. तसे का, हे लेखाच्या ओघात स्पष्ट व्हावे.

या प्रश्नावर जे लेखन होते त्याचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील लेखनात पिंजऱ्यातला प्राणी दिसतो, पण खाटेवरचा रुग्ण दिसत नाही. दुसऱ्या वर्गात रुग्ण दिसतो, लस दिसते, बरे झालेले मूल दिसते, पण प्राणी मात्र 'प्रायोगिक साहित्य' या शब्दाआड लपलेला असतो. दोन्ही पक्ष आपापल्या परीने करुणेची भाषा बोलतात. परंतु ज्या करुणेला चित्राची अर्धीच बाजू दिसते, तिच्यावर विवेकाने विसंबता येत नाही. आमची पहिली तक्रार या अर्धवटपणाविषयी आहे.

पाश्चात्त्य ललित वाङ्मयातही हाच दोष आढळतो. एच. जी. वेल्स यांनी १८९६ साली डॉक्टर मोरो रंगवला. निर्जन बेटावर प्राण्यांची चिरफाड करून त्यांना माणसाचा आकार देऊ पाहणारा हा शास्त्रज्ञ भीती उत्पन्न करतो यात संशय नाही. पण मोरोच्या प्रयोगाने कोणाचाही रोग बरा होणार नसतो. लेखकाने प्रश्नातील खरी अडचण आधीच बाजूला काढून ठेवली, त्यामुळे वाचकाला निर्णय देणे सोपे जाते. बर्नार्ड शॉ यांनी १९०६ च्या 'डॉक्टर्स डायलेमा' या नाटकात आणि त्याच्या प्रदीर्घ प्रस्तावनेत डॉक्टरांच्या अहंकारावर व जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीवर जे कोरडे ओढले ते आजही झोंबतात. परंतु शॉ यांचा रोष लसीकरणावरही तितकाच होता, आणि देवीचे जे उच्चाटन पुढे झाले त्याने त्या बाबतीत त्यांना खोटे ठरवले. तेव्हा मार्मिक लिहिणारा प्रत्येक जण बरोबरच असतो असे मानू नये.

मराठीचे काय? आपल्या साहित्यात बैल आहे, कुत्रा आहे, रानातली पाखरे आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांचे जे जग उभे राहते त्यात प्राण्याला माणसाच्या भावनांचा मुखवटा न चढवता त्याचे स्वतःचे जीवन त्याला दिले आहे. प्राण्याकडे पाहण्याची ही दृष्टी फार मोलाची आहे. मात्र ही दृष्टी रानापाशी थांबली. परळच्या, पुण्याच्या प्रयोगशाळांच्या आत आपला ललित लेखक क्वचितच शिरला. ज्या महाराष्ट्रात प्राण्यांवरील संशोधनाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास घडला, त्या महाराष्ट्राच्या साहित्यात त्याची इतकी तोकडी नोंद असावी, ही उणीव आम्हांस लहान वाटत नाही.

तो इतिहास मुंबईच्या प्लेगपासून सुरू करता येतो. १८९६ साली प्लेग आला तेव्हा तो कसा पसरतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. घरे धुतली, सामान जाळले, माणसांना बळजबरीने छावण्यांत नेले. त्या जुलमातून पुण्यात काय घडले हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, ती आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. पुढल्याच वर्षी, १८९८ मध्ये, कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी पिंजऱ्यातील उंदरांवर प्रयोग करून दाखवले की रोग पिसवांमार्फत एका उंदराकडून दुसऱ्याकडे जातो. तत्काळ कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत उंदीर व गिनी पिग यांच्यावर पद्धतशीर प्रयोग केले, तेव्हा कोठे ही गोष्ट मान्य झाली. या कामी अनेक प्राणी मेले. परंतु हेही ध्यानात घ्यावे की हे ज्ञान हाती येईपर्यंत सरकारने जो उपाय म्हणून चालवला तो बव्हंशी निरुपयोगी छळ होता. अज्ञानालाही बळी द्यावे लागतात, आणि ते गरिबांच्या घरातून घेतले जातात. प्राण्यांवरील प्रयोगांचा सरसकट निषेध करणाऱ्यांनी या हिशेबाला उत्तर दिले पाहिजे.

दुसरे उदाहरण सर्पदंशाचे. आपल्या कोरडवाहू मुलखात शेतात राबणाऱ्या माणसाला नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कोणीही डसले तर त्याला जे औषध देतात ते घोड्याच्या रक्तातून येते. घोड्याला थोडे थोडे विष टोचत नेतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात, ती वेगळी काढून कुप्यांत भरतात. परळच्या हाफकिन संस्थेने हे काम दीर्घकाळ केले. येथे घोडा मारला जात नाही, परंतु त्याला सोसावे लागतेच. त्याने सोसले नाही तर शेतमजूर मरतो, ही यातली साधी वस्तुस्थिती आहे.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण घेऊ. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील लाल विंचवाच्या दंशावर जे काम केले त्याची कथा त्यांच्या 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मकथनामुळे अनेकांना परिचित आहे. या संशोधनाचे स्थान प्रयोगशाळा नव्हे, रुग्णाची खाट होते. रात्र रात्र रुग्णापाशी बसून, नाडी व रक्तदाब यांची नोंद घेत, विंचवाचे विष हृदयावर कसा ताण आणते हे त्यांनी ओळखले आणि रक्तदाबासाठी आधीपासून वापरात असलेले प्राझोसिन हे औषध वापरले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. 'लॅन्सेट'ने त्यांचे निरीक्षण १९८२ मध्येच छापले होते. म्हणजे माणसाच्या रोगाविषयीचे ज्ञान नेहमी पिंजऱ्यातूनच येते, हा दावाही खरा नाही. परंतु कथा येथे संपत नाही. २०११ साली त्यांनीच प्रसिद्ध केलेल्या चाचणीत असे दिसले की प्राझोसिनच्या जोडीला घोड्यापासून मिळवलेले विंचू-प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो. खाटेपाशी बसलेला डॉक्टर आणि तबेल्यातला घोडा या दोघांचेही श्रेय मान्य करणे भाग पडते. ज्यांना एकाच बाजूने बोलायचे आहे त्यांची या उदाहरणाने गैरसोय होते, आणि म्हणूनच ते आम्हांस महत्त्वाचे वाटते.

शास्त्रीय मूल्याचा प्रश्न यातूनच उभा राहतो. प्राणी हा माणसाची प्रतिकृती आहे काय? कधी आहे, कधी नाही, आणि कधी आहे हे आधी कळत नाही. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी यांनी आठ उंदरांना जंतू टोचले. त्यांतील चौघांना पेनिसिलिन दिले, ते वाचले, उरलेले चौघे मेले. हेच पेनिसिलिन गिनी पिगला विषासारखे बाधते. फ्लोरींच्या मेजावर त्या दिवशी उंदरांऐवजी गिनी पिग असते तर काय झाले असते याचा विचार अंगावर काटा आणतो. २००६ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये सहा निरोगी तरुणांना एक नवे औषध टोचले गेले. माकडांना याच्या पाचशेपट मात्रा देऊनही काही झाले नव्हते. हे सहाही तरुण काही तासांत अतिदक्षता विभागात पोहोचले. मेंदूच्या पक्षाघातावर २००६ पर्यंत १०२६ उपचार प्रयोगांत तपासले गेले होते, त्यांतील कित्येक प्राण्यांवर गुणकारी ठरले होते. माणसाच्या खाटेपर्यंत पोहोचून टिकलेले एका हाताच्या बोटांवर मोजता यावेत.

याचा अर्थ प्राणी खोटे बोलतात असा नव्हे. उंदीर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रश्न चुकीचा असेल तर दोष विचारणाऱ्याचा. तरुण, निरोगी, एकाच वंशाच्या उंदरात कृत्रिमरीत्या आणलेला पक्षाघात आणि साठीच्या, रक्तदाब व मधुमेह असलेल्या माणसाचा पक्षाघात यांत अंतर आहे. त्यात प्राण्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून न करणे, फसलेले प्रयोग न छापणे, चार-सहा प्राण्यांवरून मोठे निष्कर्ष काढणे, हे दोष मिळाले की निष्कर्ष फोल ठरतो. आणि आमच्या मते येथे शास्त्र आणि नीती या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत. जो प्रयोग शास्त्र म्हणून ढिला आहे तो नीती म्हणूनही वाईट आहे, कारण त्यात जीव गेला आणि ज्ञान आले नाही.

ख्रिस्ती विचाराने या प्रश्नाकडे कसे पाहिले हे येथे नमूद करणे आवश्यक आहे, कारण त्याविषयी आपल्याच वाचकांत गैरसमज आहेत. चर्चला प्राण्यांविषयी काही म्हणायचे नाही असे काहींना वाटते. संत फ्रान्सिस असिसीकरांचे नाव घेतले की सारे सांगून झाले असे इतरांना वाटते. वस्तुतः एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर कॅथोलिक विचारवंतांत उघड मतभेद होता. १८७५ साली फ्रान्सिस पॉवर कॉब या बाईंनी लंडनमध्ये जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीविरुद्ध जी संस्था काढली तिला कार्डिनल मॅनिंग यांनी हिरिरीने पाठबळ दिले. त्याच काळात जोसेफ रिकबी या येशूसंघीय नीतिशास्त्रज्ञांनी मात्र प्राण्यांना हक्क असूच शकत नाहीत असे प्रतिपादन केले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने मधली वाट घेतली: माणसाचे प्राण वाचवण्यास वा शुश्रूषेस हातभार लागत असेल आणि वाजवी मर्यादा पाळली जात असेल, तर असे प्रयोग नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह आहेत, मात्र प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभणारे नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात याच शिकवणीची आठवण करून दिली.

ही भूमिका आम्ही मान्य करतो, परंतु तिच्यावर एक टिप्पणी करण्याचे धाडसही करतो. 'वाजवी मर्यादा' हे शब्द अर्थपूर्ण आहेत, पण ते मोकळे आहेत. मर्यादा कोण आखणार? ज्याला प्रयोग करायचा आहे त्यानेच आखली तर ती दर वेळी वाजवीच ठरेल. आपल्या देशात १९६० चा कायदा या प्रश्नाला काही उत्तर देतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून आलेल्या या कायद्याने प्रयोग बंद केले नाहीत. पण लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नये, केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नयेत, अशी बंधने सुचवली. १९९८ च्या नियमांनी संस्थांची नोंदणी व देखरेख आणली. २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास बंदी आली, आणि त्याच वर्षी वैद्यकीय पदवीच्या शिक्षणात जिवंत प्राण्यांऐवजी संगणकावरील पर्याय आणण्याचे ठरले. बेडकाच्या स्नायूचा आलेख कुंभारीसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने पडद्यावर पाहिला म्हणून त्याचे काहीही बिघडत नाही. ओठरंगासाठी सशाचे डोळे आणि माहीत असलेल्या गोष्टीच्या प्रात्यक्षिकासाठी बेडकाचा जीव, ही दोन्ही वाजवी मर्यादेबाहेरची उदाहरणे होती. ती कायद्याने बाहेर काढली हे योग्यच झाले. २०२३ मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांतही मानवी पेशींवर आधारलेल्या नव्या पद्धतींना स्थान मिळाले.

परंतु पर्याय म्हटला की तो निष्कलंक असतो, असे समजू नये. येथे आम्हांस डॉ. कमल रणदिवे यांचे स्मरण होते. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या या विदुषींनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात स्तनांच्या कर्करोगाचे मर्म शोधताना उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासल्या. त्याच कमलाबाईंनी शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा देशात प्रथम उभी केली; आज ज्याला प्राण्यांचा पर्याय म्हणतात त्याचे मूळ या विद्येत आहे. ही विद्या त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्यापाशी शिकल्या. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी, तिला न विचारता, वाढवल्या गेल्या. पुढे पोलिओच्या लसीची परिणामकारकता तपासताना याच पेशींनी माकडांची जागा घेतली, कारण त्या स्वस्त पडत. माकडे वाचली ती एका गरीब बाईच्या न विचारलेल्या देहामुळे! प्राण्याला वगळले म्हणजे नीतीचा प्रश्न सुटला, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने १९४७ साली माणसांवरील प्रयोगांसाठी जी तत्त्वे घालून दिली त्यांत संमती पहिली होती, आणि माणसाआधी प्राण्यांवरील निष्कर्ष हाती असावेत हेही एक होते. छळछावण्यांतील कैद्यांना ज्यांनी प्रयोगाचे प्राणी केले त्यांच्या अपराधांतून ती तत्त्वे जन्मली. प्राण्यांवरील प्रयोग उद्याच थांबवा म्हणणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे: पहिली सुई मग कोणाला टोचणार? इतिहास सांगतो की ती कैद्याला, अनाथाला, गरिबाला टोचली जाते.

कोविडच्या काळात हा प्रश्न आपल्या दारी आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने कोव्हॅक्सिन ही लस माणसांना देण्यापूर्वी वीस ऱ्हीसस माकडांवर तपासली; ही माकडे नागपूरच्या परिसरातून पकडून आणली होती. ज्या देशाने १९७८ साली, अमेरिकेत लष्करी प्रयोगांसाठी त्यांचा वापर झाल्यावरून, या माकडांची निर्यात बंद केली, त्याच देशाने स्वतःच्या गरजेला माकडे पकडली. यात विसंगती पाहणारे पाहोत. आम्हांस यात तारतम्य दिसते. अण्वस्त्रांसाठी माकडाला किरणोत्सर्गात ठेवणे आणि महासाथीत लस तपासणे या सारख्या गोष्टी नव्हेत. मात्र त्या वीस माकडांचा उल्लेख आपल्या विजयाच्या भाषणांत किती वेळा झाला, हे ज्याचे त्याने आठवावे.

आता कुंभारीकडे परत वळू. तंबाखूने कर्करोग होतो हे माणसाला कसे कळले? आधी माणसांकडूनच कळले. १९५० मध्ये इंग्लंडात डॉल व हिल यांनी रुग्णांची विचारपूस करून सिगारेटचा संबंध दाखवला. १९५५ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांवरून सांघवी, राव व खानोलकर यांनी विडी ओढणे व तंबाखू चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी संबंध मांडला. दरम्यान १९५३ साली अमेरिकेत वाइंडर व ग्रॅहॅम यांनी सिगारेटच्या धुराचे डांबर उंदरांच्या पाठीला लावून कर्करोग उत्पन्न केला होता. विडीच्या धुराचे डांबर पुढे परळच्या संशोधकांनी उंदरांवर तपासले व तेही कर्ककारक ठरले. तंबाखू कंपन्यांनी काय केले? डांबर लावलेला उंदीर म्हणजे माणूस नव्हे, असे सांगितले. धूर हुंगवलेल्या प्राण्यांना फुप्फुसाचा कर्करोग सहजी होत नाही, तेव्हा पुरावा अपुरा आहे, आणखी संशोधन हवे, असेही सांगितले. त्या 'आणखी'पायी पुढे कुत्र्यांच्या तोंडाला सिगारेटी लावल्या गेल्या. ज्या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या मृत्यूंनी केव्हाच दिले होते, तोच प्रश्न मुक्या प्राण्यांना पुन्हा पुन्हा विचारण्यात आला, आणि तोही उत्तर लांबणीवर पडावे म्हणून. आमच्या मते प्राण्यांवरील संशोधनाचा याहून मोठा दुरुपयोग दुसरा नाही.

आणि विडी वळणारी स्त्री? ती बहुधा विडी ओढत नाही; पण तंबाखूची धूळ तिच्या श्वासावाटे व कातडीवाटे आत जाते, तिच्याच घरात, तिच्या लेकरांच्या शेजारी. विडी-तंबाखूच्या कामातील मजुरांच्या पेशींत जनुकांना इजा झाल्याच्या खुणा आपल्याच देशातील संशोधकांनी नोंदवल्या आहेत. उंदराच्या प्रयोगासाठी आज समितीची परवानगी लागते, पिंजऱ्याचे माप ठरलेले असते, हवा खेळती असावी लागते. हे नियम असलेच पाहिजेत. एकही कमी करावा असे आम्ही म्हणत नाही. पण जिच्या सुपातल्या धुळीला कोणतीही समिती माप लावत नाही, त्या बाईने आपल्या फुप्फुसांवर वर्षानुवर्षे जो प्रयोग चालू दिला आहे त्याला कोणाची परवानगी होती? तिची म्हणावी तर दुसरे काम मिळण्याची सोय तिला कोणी दिली होती?

म्हणून या प्रश्नावर लिहिणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला, पत्रकाला वा भाषणाला आम्ही तीन कसोट्या लावू इच्छितो. पहिली गरजेची: हे उत्तर दुसऱ्या कोणत्याही वाटेने मिळत नव्हते काय? दुसरी प्रामाणिकपणाची: प्रयोग नीट आखला, फसला तरी जाहीर केला, कमीत कमी जिवांत व कमीत कमी वेदनेत केला काय? रसेल व बर्च यांनी १९५९ साली मांडलेली तत्त्वे याहून वेगळे सांगत नाहीत. तिसरी कसोटी मात्र पुस्तकांत फारशी आढळत नाही. ती परतफेडीची आहे: जे कळले ते ज्याच्यासाठी कळवून घेतले त्याच्यापर्यंत पोहोचले काय? प्लेगच्या उंदरांचे देणे आपण फेडले. सर्पदंशाच्या घोड्याचे देणे, औषधाची कुपी वेळेवर प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचते त्या दिवशी फेडतो आणि पोहोचत नाही त्या दिवशी बुडवतो. तंबाखूच्या उंदरांचे देणे अजून शिल्लक आहे. कुंभारीच्या घरांना भिंती आणि छप्पर मिळाले ही मोठीच गोष्ट झाली. आता त्या घरात सुपाऐवजी दुसरे काम आले पाहिजे, तोवर तोंडाची व छातीची नियमित तपासणी दारापर्यंत गेली पाहिजे. गावातच वैद्यकीय महाविद्यालय असताना हे अंतर फार लांबचे नाही.